फोर्कचे सील पुन्हा गळते, सायलेन्सर पुन्हा फटफटतो: तपास कोठून सुरू करावा

सस्पेन्शन आणि सायलेन्सर बदललेल्या मोटरसायकलींविषयी पुण्यात दोन तक्रारी सतत ऐकू येतात. एक म्हणजे पुढच्या फोर्कचे ऑईल सील नवे टाकूनही काही आठवड्यांत नळीवर पुन्हा तेलाचा ओलसर कडा दिसू लागतो. दुसरी म्हणजे थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमधून फटफट असे आवाज येतात. बेंड पाइपचे, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वाकड्या नळीचे, पॅकिंग बदलले की ते थांबतात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा सुरू होतात. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये तोच भाग पुन्हा बदलला जातो आणि मालक तेवढ्यापुरता निश्चिंत होतो.

माझे मत असे आहे की, असे वारंवार घडत असेल तेव्हा सील किंवा पॅकिंग सहसा सदोष नसते. ते दुसऱ्या कुठल्या तरी दोषाचा मार सोसत असते. शिवाय या दोन्ही तक्रारी एकाच गाडीवर असतील, तर त्यांचा तपास वेगवेगळा करू नये. स्वाराच्या वजनाला स्प्रिंग अपुरी पडत असेल तर खड्ड्यात किंवा उंच गतिरोधकावर सस्पेन्शन पूर्ण दबते, इंजिनाखालून जाणारा बेंड पाइप किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धुरातील विषारी वायू कमी करणारा) डबा रस्त्याला लागतो, आणि तो धक्का थेट सिलिंडर हेडजवळच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. पॅकिंग कितीही चांगले असले, तरी असा धक्का रोज बसत राहिला तर ते टिकत नाही. म्हणून आधी सस्पेन्शन तपासावे आणि मगच सायलेन्सरला हात लावावा.

धायरीहून हिंजवडीला रोज जाणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाच्या गाडीवर हे स्पष्ट दिसले. गाडी दोनशे सीसीची, स्वार चांगल्या अंगाचा, पाठीमागे अनेकदा दुसरा माणूस. हौसेने बसवलेल्या सायलेन्सरचा सांधा पुन्हा पुन्हा सुटत होता आणि दोष सायलेन्सरच्या माथी मारला जात होता. गाडी स्टँडवर उभी करून खालून पाहिली, तेव्हा बेंड पाइपच्या तळाशी घासल्याच्या ताज्या खुणा होत्या. रस्त्यावरील गतिरोधकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा गोलाकार उंचवटा सांगितलेला आहे. आपल्या सोसायट्यांच्या दारात आणि पेठांच्या गल्ल्यांमध्ये जे अरुंद, टोकदार उंचवटे दिसतात त्यांचा या मापाशी फारसा संबंध नसतो. त्यामुळे पुण्यात तळाच्या खुणा पाहणे ही तपासाची पहिली पायरी मानावी. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त एक बॅटरी आणि वाकण्याची तयारी लागते.

सस्पेन्शन तळाला बसते का

फोर्क पूर्ण दबतो की नाही हे अंदाजाने सांगू नये, कारण हाताला बसणारा झटका दोन अगदी उलट कारणांनी येऊ शकतो: सस्पेन्शन फार मऊ असल्याने तळ गाठणे, किंवा फार कडक असल्याने न दबणे. फरक ओळखण्यासाठी वायर बांधण्याचा साधा प्लास्टिकचा टाय फोर्कच्या चकचकीत नळीवर डस्ट सीलला, म्हणजे ऑईल सीलच्या वर धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याला, लागून बसवावा आणि आपल्या नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालवावी. परत आल्यावर पुढचे चाक जमिनीवरून उचलून फोर्क पूर्ण लांब करावा आणि टाय सीलपासून किती सरकला ते मोजावे. गाडीच्या पुस्तिकेत पुढच्या चाकाची हालचाल १३० मिलिमीटर दिली असेल आणि टाय १२५ मिलिमीटरपर्यंत गेला असेल, तर फोर्क जवळजवळ तळ गाठत आहे. टाय ७० मिलिमीटरवरच थांबला असेल आणि तरीही मनगटाला झटके बसत असतील, तर फोर्क कडक आहे आणि आणखी कडक करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

यानंतर सॅग मोजावा, म्हणजे स्वार बसल्यावर सस्पेन्शन मूळ लांबीपेक्षा किती खाली बसते ते पाहावे. पुढचे चाक अधांतरी असताना नळीची उघडी लांबी मोजावी, मग स्वार हेल्मेट आणि नेहमीच्या पिशवीसह बसल्यावर ती पुन्हा मोजावी; या दोन्हींतील फरक म्हणजे स्वाराचा सॅग. फोर्कमध्ये घर्षण असल्यामुळे एकदा हँडल खाली दाबून सोडल्यावर आणि एकदा वर उचलून सोडल्यावर अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी काढली, तरच आकडा विश्वासार्ह ठरतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे पुढे ३० ते ४० मिलिमीटर आणि मागे ३० ते ३५ मिलिमीटर, हा सुरुवातीला धरण्याजोगा अंदाज आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे मला फार आवश्यक वाटते. मागच्या शॉकअपची चकती फिरवून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक झाली असे सर्रास म्हटले जाते. वास्तविक प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. गाडी फक्त वर उचलली जाते. नव्वद किलोच्या स्वाराने साठ किलोच्या स्वारासाठी योग्य असलेल्या स्प्रिंगवर कितीही प्रीलोड चढवला, तरी स्प्रिंग मऊच राहते. उलट चाक खाली जाण्यासाठी हालचालच शिल्लक उरत नाही आणि खड्ड्यातून बाहेर पडताना मागचा भाग टप्पा देतो. हे तपासण्यासाठी स्वाराचा सॅग बरोबर बसवल्यावर स्वार उतरवून केवळ गाडीच्या वजनाने मागचा भाग किती बसतो ते पाहावे. तो ५ मिलिमीटरपेक्षाही कमी बसत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने तिची उणीव झाकली जात आहे. तो १५ मिलिमीटरपेक्षा बराच जास्त बसत असेल, तर स्प्रिंग वजनाच्या मानाने कडक आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते वजनाला योग्य अशा स्प्रिंगवर करावेत. सोनेरी रंगाच्या उलट्या फोर्कवर खर्च करण्यापेक्षा त्याचा लाभ कितीतरी अधिक आहे, कारण दुसऱ्या गाडीचा फोर्क बसवताना त्याची लांबी, टीमधील (फोर्कच्या नळ्या वर धरणाऱ्या पट्टीतील) अंतर आणि चाकाची ट्रेल (हँडलच्या अक्षाच्या रेषेमागे चाक जमिनीला टेकते ते अंतर) हे सारे बदलते आणि गाडी वळणावर कशी वागेल याचा भरवसा राहत नाही.

मागे मूळ मापापेक्षा लांब शॉकअप बसवण्याची पद्धतही जपून अवलंबावी. सुमारे १३५० मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या मध्यांतील अंतराच्या) गाडीचा मागचा भाग २५ मिलिमीटर उचलला, तर पुढच्या फोर्कचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो. आकडा लहान वाटतो, पण कात्रजच्या जुन्या घाटात किंवा खंबाटकीच्या उतारावर हँडल हलके आणि अस्थिर वाटू लागते ते यामुळेच. मागची उंची बदलली की साखळीची ढिलाई पुन्हा मोजावी लागते, कारण पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात त्या क्षणी साखळी सर्वांत ताणलेली असते. याउलट पुढचा भाग खाली घेण्यासाठी फोर्कच्या नळ्या टीमधून वर सरकवल्या असतील, तर फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड रेडिएटरला, बेंड पाइपला किंवा खालच्या टीला लागत नाही ना, हे स्प्रिंग काढून, फोर्क हाताने दाबून पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. मी पाहिलेल्या वाकलेल्या बेंड पाइपांपैकी काहींना रस्ता नव्हे, गाडीचेच चाक लागलेले होते.

सील पुन्हा का गळते

तळ गाठण्याचा प्रश्न सुटल्यावर सीलकडे वळावे. जुने सील काढण्याआधी नळी पाहावी. कोरड्या कापसाचा बोळा नळीवरून वरपासून खालपर्यंत आणि गोल फिरवावा. जेथे कापसाचे तंतू अडकतील तेथे क्रोमवर टोचा किंवा गंजाचा कण आहे. पावसाळ्यात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल डस्ट सीलच्या लगेच वर साचतो आणि वाळतो, त्यामुळे गंज सहसा याच पट्ट्यात सुरू होतो, आणि नेमका हाच पट्टा प्रत्येक लहान धक्क्याला सीलमधून जातो. खोल नसलेला टोचा दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, हलक्या हाताने सपाट करता येतो. क्रोमचा पापुद्रा सुटू लागला असेल, तर नळी बदलावी किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून घ्यावी. भोसरीच्या औद्योगिक परिसरात असे काम करणारे कारखाने मिळतात. अशा नळीवर नवे सील घालणे म्हणजे ते सील वाया घालवणे होय.

नळी वाकलेली असेल तरीही सील एका बाजूने झिजते. अपघात झालेल्या किंवा जुनी विकत घेतलेल्या गाडीची नळी व्ही ब्लॉकवर ठेवून, डायल गेज लावून फिरवून पाहावी. सरळपणाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते आणि ती मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते, म्हणून डोळ्यांना सरळ दिसते यावर समाधान मानू नये. लेथचे काम करणाऱ्या कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये हे काम लगेच होते.

त्यानंतर येते तेलाची पातळी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुका येथेच होतात. फोर्क खाली बसतो म्हणून त्यात तेल थोडे जास्त घालण्याची सवय आहे. परंतु तेलाच्या वर कोंडलेली हवा ही एक प्रकारची स्प्रिंगच असते. स्प्रिंगचे आकारमान बाजूला ठेवून ढोबळ हिशोब केला, तर फोर्क पूर्ण दबलेला असताना तेलाच्या वर १२० मिलिमीटर हवा असेल आणि हालचाल १३० मिलिमीटर असेल, तेव्हा पूर्ण दबल्यावर हवेचा दाब सुमारे दुप्पट होतो. तीच हवा ६० मिलिमीटर ठेवली तर दाब तिपटीच्याही पुढे जातो. एवढा दाब दर खड्ड्याला सीलच्या ओठावर येत असेल तर ते तेल बाहेर टाकणारच. म्हणून तेल मापाच्या भांड्याने ओतून थांबू नये. स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, आतली हवा नळी वर-खाली हलवून काढल्यावर, वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि दोन्ही बाजूंना ते सारखे ठेवावे.

तेलाच्या जाडीविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. ब्रेक लावल्यावर पुढचा भाग फार वाकतो म्हणून इंजिन ऑईल किंवा फार जाड फोर्क ऑईल घातले जाते. साध्या फोर्कमध्ये तेल ठराविक छिद्रांतून ढकलले जाते आणि फोर्क दबण्याचा वेग वाढला की त्याचा विरोध त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जाड तेलाने ब्रेकच्या वेळी थोडा फरक जाणवला, तरी खड्ड्याच्या तीक्ष्ण कडेवर फोर्क क्षणभर अडतो आणि धक्का थेट हँडलला पोहोचतो. शिवाय डब्यावरील १०डब्ल्यू हा आकडा सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. एका कंपनीचे १०डब्ल्यू दुसरीच्या तुलनेत बरेच पातळ असू शकते. कंपनी बदलायची असेल तर डब्यावर किंवा माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला दिलेली सेंटिस्टोक्समधील श्यानता (तेलाचा दाटपणा) पाहून तुलना करावी.

सील बसवताना नळीच्या वरच्या कडेवर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून त्यावर तेल लावावे आणि मगच सील सरकवावे, म्हणजे खाचेची धार त्याच्या ओठाला लागत नाही. सील ठोकण्यासाठी स्क्रूड्रायव्हर मुळीच वापरू नये. योग्य मापाचा ड्रायव्हर नसेल तर त्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा सरळ कापलेला तुकडा चालतो. चाक बसवताना अ‍ॅक्सलचा मुख्य नट आधी आवळावा, मग पुढचा ब्रेक धरून फोर्क काही वेळा जोराने दाबावा, आणि त्यानंतरच अ‍ॅक्सलच्या क्लॅम्पचे बोल्ट आवळावेत. हा क्रम उलटला तर फोर्कचे दोन्ही पाय एकमेकांना किंचित तिरके राहतात, फोर्क अडकत दबतो, आणि सील पुन्हा झिजू लागते. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा डस्ट सीलवर मारू देऊ नये. पावसाळ्यात फोर्कवर रबरी घडीचे बूट घालण्याची जुनी पद्धत मला आजही उत्तम वाटते. नळीवर चिखल साचण्याला याहून सोपा अटकाव नाही.

सायलेन्सर कशामुळे फटफटतो

थ्रॉटल बंद केल्यावर सिलिंडरमधील मिश्रण नीट पेटत नाही, न जळलेले पेट्रोल गरम पाइपात येते, आणि तेथे त्याला बाहेरची हवा मिळाली की ते पेटते. हवा आत येण्याचे मार्ग प्रामुख्याने दोन: सुटलेला सांधा, आणि प्रदूषण कमी करण्यासाठी कंपनीनेच बसवलेली दुय्यम हवेची झडप. मूळ जड सायलेन्सरमध्ये या झडपेमुळे होणारे लहान स्फोट ऐकू येत नव्हते. मोकळ्या सायलेन्सरमध्ये ते ऐकू येतात. ही झडप असलेल्या गाडीवर तिची रबरी नळी तपासापुरती चिमटीत धरून पाहावी. आवाज थांबला तर गळती नाही, झडप आपले काम करत आहे. ती कायमची बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण ती प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे.

आवाज थांबला नाही, तर सांधे तपासावेत. इंजिन थंड असताना सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, गाडी सुरू करावी आणि सहकाऱ्याने जाड ओल्या कापडाने सायलेन्सरचे तोंड क्षणभर अर्धे झाकावे. गळती असेल तेथे फुगे येतात. ही चाचणी उघड्यावरच करावी. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि तो जिवावर बेतू शकतो. सांध्याभोवती काळी काजळी दिसली, तरी तो पुरेसा पुरावा आहे.

बीएस ६ गाड्यांवर, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या, ही गळती आवाजापुरती मर्यादित राहत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सांधा सुटला असेल तर दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होतो आणि इसीयू (इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) पेट्रोल वाढवतो. परिणामी अ‍ॅव्हरेज घसरते, प्लग काळा पडतो, आणि मालक इंजेक्टर साफ करून घेत बसतो. याच कारणाने सेन्सरच्या आसपास साधे सिलिकॉन लावून गळती बंद करू नये. त्याच्या वाफांनी सेन्सर निकामी होतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीवर मात्र सांधे घट्ट असतील तर पायलट जेट आणि पायलट स्क्रू (थ्रॉटल बंद असतानाचे मिश्रण ठरवणारे भाग) पाहावा, आणि दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे क्लिअरन्स मोजून घ्यावे.

बसवण्याच्या क्रमाला येथेही मोठे महत्त्व आहे. सिलिंडर हेड आणि बेंड पाइप यांच्यामधले पॅकिंग एकदाच वापरायचे असते, कारण ते चेपूनच सांधा भरते. बेंड पाइपचे नट हाताने लावावेत, सायलेन्सर मधल्या क्लॅम्पमध्ये घालून मागच्या ब्रॅकेटवर सैल टांगावा, कोठेही ओढाताण होत नाही हे पाहावे. त्यानंतर हेडचे नट आळीपाळीने, टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे आवळावेत, मग मधला क्लॅम्प आणि शेवटी मागचा बोल्ट. मागचा बोल्ट आधी आवळून बेंड पाइप जागेवर ओढून बसवला, तर तो ताण पुढे सांध्यावरच राहतो. ब्रॅकेटमधील रबरी बुश वगळून लोखंडाला लोखंड लावले, तर कंपनाने वेल्डिंग तडकते किंवा हेडमधला स्टड तुटतो, आणि स्टड काढून आटे पुन्हा करण्याचा खर्च सायलेन्सरहून जड जातो. काही वेळा गाडी गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

सायलेन्सरच्या निवडीबाबत कायदा लक्षात ठेवणे भाग आहे. १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला उत्पादनाच्या वेळी ८० डेसिबल, तर ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल अशी मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात; परवानगी नसलेला बदल केल्याबद्दल मालकावर कलम १८२ अ खालीही कारवाई होऊ शकते. जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले जाताना पुणेकरांनी पाहिले आहेत. आतली जाळी काढलेल्या सायलेन्सरचा त्रास रुग्णालयाजवळ, शाळेजवळ आणि रात्री वाड्यांच्या गल्लीत राहणाऱ्यांना होतो, आणि त्यातून रस्त्यावरच्या गाडीला मिळणारी शक्ती जाणवण्याइतकीही नसते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सर जागेवर ठेवून, त्यांच्यानंतरचा, मागच्या टोकाकडचा भाग हलका करणे यापलीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

त्या तरुणाच्या गाडीवर शेवटी वजनाला योग्य अशा स्प्रिंग पुढे-मागे बसल्या, फोर्कमधले जास्तीचे तेल काढून पातळी पुस्तिकेप्रमाणे ठेवली, आणि सायलेन्सर सैल करून ताण न देता पुन्हा आवळला. टाय आता तळापासून बराच आधी थांबतो आणि पॅकिंग पावसाळाभर टिकले. मूळ सायलेन्सर त्याने तोंडे कापडाने बंद करून माळ्यावर ठेवला आहे. गाडी विकताना किंवा आरटीओत तपासणीसाठी नेताना तोच लागणार आहे.